राणीने खात्री करून घेतली

वाशीमच्या पद्मतीर्थाच्या पायऱ्या उतरा आणि पाण्याजवळ थांबा. आज तुम्हाला एका मुलीचा माग काढायचा आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या एका विनोदी नाटकात ती याच गावातून एका क्षणात नाहीशी होते आणि दूरच्या एका राजवाड्यात ओल्या केसांनी उभी राहते. तिचं नाव कर्पूरमंजरी. मुलगी कवीच्या मनातली, पण गाव खरं. तेव्हा त्याला वत्सगुल्म म्हणत. नाटकातली माणसं प्राकृत बोलतात, म्हणून त्यांच्या तोंडी ते ‘वच्छोम’ होतं.

तिच्या मागावर निघालात की वाटेत तुम्हाला एक राणी भेटेल. हुशार आहे, सावध आहे, घरात काय चाललंय ते तिच्या नजरेतून सुटत नाही. आणि तरीही ती उघड्या डोळ्यांनी फसते. भोळा माणूस फसला तर त्यात नवल नाही. सावध माणूस कसा फसतो ते बघायला चला.

वत्सगुल्म, चौथ्या शतकाचा उत्तरार्ध

पहिला मुक्काम इथेच, फक्त सोळाशे वर्षं मागे. तुम्ही आता वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीत उभे आहात. एका ओसरीवर कोरक्या मांडी घालून बसलाय. पुढ्यात तांब्याचा पत्रा, हातात छिन्नी. विंध्यशक्ती राजाच्या कारकिर्दीचं 37वं वर्ष चालू आहे. नंदीकटाकडचं, म्हणजे आजच्या नांदेडकडचं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान द्यायचं ठरलं आहे. राजाच्या पूर्वजांची नावं संस्कृतात कोरून झाली. आता कामाचा मजकूर आला: गाव कोणतं, सवलती कोणत्या, शिपायांनी गावात शिरायचं नाही. तो मजकूर कोरक्या प्राकृतात कोरू लागतो.

जरा कान द्या. बाजारात, पाणवठ्यावर, दरबारातही प्राकृताचे सूर ऐकू येतील. या राजाचे वडील सर्वसेन यांनी ‘हरिविजय’ नावाचं काव्य प्राकृतातच रचलं. ते आज हरवलं आहे, पण काश्मीरच्या आनंदवर्धनाला पाचशे वर्षांनीही ते ठाऊक होतं. समोरचा हा ताम्रपट 1939 साली वाशीमला सापडेल आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी वाकाटकांच्या लेखांच्या ग्रंथात त्याला जागा देतील. पाचव्या शतकात याच घराण्यातल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरून घेईल.

राज्य पुढे संपलं, गावाची कीर्ती संपली नाही. आपल्या नाटकाचा कवी राजशेखर याने ‘काव्यमीमांसे’त एक कथा सांगितली आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आणि त्याला वश करायला निघालेली साहित्यविद्यावधू भारतभर फिरतात, आणि अखेर त्यांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. कवितेचं सासर-माहेर त्याने या गावाला देऊन टाकलं. तेव्हा विनोदी नाटकाची नायिका कुठून आणायची, असा प्रश्न पडल्यावर त्याने याच गावाकडे बोट दाखवावं, हे साहजिकच होतं.

कनौज, सन 900च्या आसपास

दुसरा मुक्काम गंगेच्या काठी, प्रतिहारांच्या कनौजात. गादीवर महेंद्रपाल आहे आणि त्याचा गुरू आहे राजशेखर. यायावर कुळातला हा कवी आपल्या पणज्याला, अकालजलदाला, महाराष्ट्राचा चूडामणी म्हणतो. त्याची बायको अवंतिसुंदरी चाहमान कुळातली. ती स्वतः इतकी जाणती की नवरा आपल्या शास्त्रग्रंथात तिची मतं नावानिशी नोंदवतो. आजचं नाटक, ‘कर्पूरमंजरी’, तिच्याच इच्छेवरून होत आहे. संबंध नाटक प्राकृतात आहे. अशा नाटकाला सट्टक म्हणतात आणि त्याच्या अंकांना जवनिकांतर. संस्कृत सोडून प्राकृत का, असा प्रश्न सुरुवातीलाच येतो. संस्कृत रचना खरखरीत, प्राकृत मऊ, असं त्याचं उत्तर कवी देतो.

बसून घ्या. रंगभूमीवर देखावा नाही, हे लक्षात असू द्या. राजवाडा, बाग, कैदखाना, देऊळ, सगळं एकाच मोकळ्या जागेत आहे. पात्राने मंचावर एक फेरी मारली की ते दुसऱ्या ठिकाणी पोचलं, असं तुम्ही समजायचं. तुम्ही ते सहज समजता. थोड्या वेळाने याच सवयीचा उपयोग होणार आहे.

वसंत ऋतू आहे. राजा चंडपाल आणि राणी विभ्रमलेखा एकमेकांपाशी ऋतूचं कौतुक करत आहेत. राजाचा विदूषक कपिंजल आणि राणीची दासी विचक्षणा यांचं कवितेवरून कडाक्याचं भांडण होतं. दासी चांगली कविता करते, विदूषकाची फजिती होते, तो रुसून निघून जातो आणि परत येतो तो एका साधूला घेऊन.

हा भैरवानंद. कौल पंथाचा. पावलं जरा लटपटताहेत, कारण तो प्यायलेला आहे. त्याचं पहिलं बोलणं नीट ऐका, कारण सगळ्या नाटकाची किल्ली तिथे आहे. तो म्हणतो की मला मंत्र येत नाही, तंत्र येत नाही, ध्यान माहीत नाही. गुरूची कृपा आहे, दारू पितो, बायकांत रमतो आणि मोक्षाला जातो. सगळं उघड सांगतो. एवढं ऐकल्यावर दरबाराने त्याला वाटेला लावायला हवं होतं. पण लगेच तो पुढचं सांगतो: चंद्र खाली उतरवून दाखवीन, सूर्याचा रथ आकाशात थांबवीन, सांगाल ती अप्सरा आणीन. आणि दरबार पहिलं सगळं विसरतो. फसवणारा बहुतेक वेळा स्वतःविषयी पुरेसं सांगून टाकतो. ऐकणारा त्यातलं आपल्या कामाचं तेवढं घेतो.

राजा म्हणतो, काहीतरी अद्भुत दाखवा. विदूषक सुचवतो: दक्षिणेत वच्छोम नावाचं नगर आहे, तिथे मी एक रत्नासारखी मुलगी पाहिली होती, तिला आणा. भैरवानंद ध्यान लावतो आणि ती येते. न्हाता न्हाता उचललेली आहे. डोळ्यातलं काजळ धुऊन गेलंय, केसांतून पाणी निथळतंय, अंगावर एकच वस्त्र.

प्रेक्षागृहात कौतुकाची लाट उसळते. तुम्ही वाशीमहून आला आहात, तुमच्या गावची लेक समोर उभी आहे. तुम्हाला कौतुकाआधी तिची काळजी वाटली तर ते योग्यच आहे. बाई, तुला यायचं होतं का, असं तिला दरबारात कोणीच विचारत नाही. राजा तिचं रूप वर्णन करतो, विदूषक राजाच्या वर्णनात भर घालतो. या विनोदाची सुरुवातच एका मुलीला न विचारता उचलून आणण्याने होते, हे आपण विसरायचं नाही.

चौकशी होते तेव्हा नातं निघतं. ही कुंतलच्या वल्लभराजाची आणि शशिप्रभेची मुलगी. शशिप्रभा म्हणजे राणीची मावशी, तेव्हा ही राणीची मावसबहीण. राणीला भरून येतं. थोडे दिवस हिला माझ्याजवळ राहू द्या, अशी विनंती ती स्वतःच भैरवानंदाला करते. संकट आपल्या हाताने, मायेने, पाटरांगोळी करून घरात आणलं जातं.

मधले दोन अंक

इथून आपण थोडं भरभर जाऊ. दुसऱ्या अंकात केतकीच्या पानावर लिहिलेली मुलीची चिठ्ठी राजाकडे येते. राणी गौरीची पूजा करून कर्पूरमंजरीला झोपाळ्यावर बसवते आणि राजा लपून बघतो. तुमच्या घरी चैत्रात गौर झोपाळ्यात बसत असेल तर हे दृश्य तुम्हाला परकं वाटणार नाही.

तिसऱ्या अंकात राजा आपलं स्वप्न सांगतो, अर्थात तिचंच. त्यावर विदूषकही एक स्वप्न सांगतो: तो गंगेच्या पाण्यात झोपतो, ढगात शिरतो, पाऊस होऊन शिंपल्यात पडतो, मोती होतो, शेवटी एका हारात ओवला जातो. राजाच्या स्वप्नाला तोडीस तोड म्हणून त्याने ते रचलं आहे. दोघांच्या स्वप्नांत खरेपणाचा फरक कितीसा? राजाचं स्वप्न राजाचं आहे, म्हणून त्याला प्रेम म्हणतात. विदूषक त्याच्यासमोर आरसा धरतो आणि राजा त्यात बघत नाही. त्या रात्री भुयारातून जाऊन राजा कर्पूरमंजरीला भेटतो. राणीला सुगावा लागतो आणि पळापळ होते.

चौथा अंक

आता सावरून बसा.

उन्हाळा आहे. राणीने आता कसलीही कसर ठेवलेली नाही. कर्पूरमंजरी बंदिस्त आहे, चारी बाजूंनी पहारा आहे आणि बागेकडे उघडणारं भुयाराचं तोंड राणीने बुजवून टाकलं आहे. शहाण्या माणसाने जे जे करायला हवं ते सगळं तिने केलं.

वटसावित्रीचा उत्सव चालू आहे. राजवाड्यासमोर चर्चरी नाच रंगला आहे. काही नर्तकी एकमेकींवर रत्नजडित झाऱ्यांनी पाणी उडवतात, काही भुताखेतांचे मुखवटे घालून स्मशानाचा देखावा उभा करतात. या सणाचा अर्थ तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. तुमच्या आईने, आजीने वडाला सूत गुंडाळलेलं आहे. याच सणाच्या सुमारास राजाला निरोप येतो: आज संध्याकाळी राणी स्वतः तुमचं लग्न लावून देणार आहे.

हे कसं घडलं? राणीने गौरीची माणकाची मूर्ती करवून घेतली. तिची प्रतिष्ठा भैरवानंदाने केली आणि राणीने त्याच्याकडून दीक्षा घेतली. दक्षिणा काय देऊ, असं तिने विचारलं. तो म्हणाला, मला काही नको, जे द्यायचं ते महाराजांच्या भल्याचं असू दे. लाटदेशाच्या चंडसेन राजाची मुलगी घनसारमंजरी, हिचा नवरा चक्रवर्ती होणार असं ज्योतिषी सांगतात. तिच्याशी महाराजांचं लग्न लावून द्या, म्हणजे महाराज चक्रवर्ती होतील आणि माझी दक्षिणा मला पोचली.

राणी कबूल होते. तिच्या मनात लोभ आहे असं तिला स्वतःला मुळीच वाटत नाही. गुरूचा शब्द पाळायचा आहे, नवऱ्याचं भलं करायचं आहे. इतक्या चांगल्या कपड्यांत आलेला लोभ ओळखू येत नाही.

मंचाच्या एका बाजूला चामुंडेचं देऊळ आहे असं समजा, दुसऱ्या बाजूला कैदखाना. भुयाराचं बागेकडचं तोंड बंद आहे, पण दुसरं तोंड आता चामुंडेच्या मूर्तीमागे उघडतं. तुम्हाला ते माहीत आहे, भैरवानंदाला माहीत आहे, मुलीला माहीत आहे. राणीला नाही.

मुलगी भुयारातून येऊन देवळात बसते. राणी येते, तिला बघते आणि थबकते. ही तर कर्पूरमंजरी! डोळ्यांनी आपलं काम चोख बजावलं आहे. पण राणी ते बोलून दाखवत नाही. लग्नाची तयारी बघून येते, असं निमित्त करून ती निघते आणि थेट कैदखान्याकडे वळते. तिने मंचावर फेरी घ्यावी, त्याच्या आत मुलगी भुयारातून पुढे पोचलेली असावी. राणी बघते: कर्पूरमंजरी जागच्या जागी. जीव भांड्यात पडतो. राणी परत फिरते. देवळात घनसारमंजरी तशीच बसलेली आहे.

तुमच्या आजूबाजूची माणसं पोट धरून हसत आहेत. तुम्हीही हसाल. पण राणीच्या चेहऱ्याकडे बघायला विसरू नका. कैदखान्यात मुलगी दिसते त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे येतं ते ज्ञान नाही, सुटका आहे. तिला उत्तर हवं होतं आणि ते मिळालं. आपण खात्री करून घेतली, असं समाधानही मिळालं. तिने विचारलेला प्रश्न होता: कर्पूरमंजरी कोठडीत आहे का? विचारायचा प्रश्न होता: कोठडीतून इथवर यायला दुसरी वाट आहे का? दुसरी वाट असू शकते, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आधीचं तोंड तिनेच तर बुजवलं होतं. पण दुसरा प्रश्न विचारला असता तर दीक्षा, दक्षिणा, गुरू आणि नवऱ्याचं चक्रवर्तीपद, सगळंच कोसळलं असतं. म्हणून तो प्रश्न तिला सुचत नाही.

लग्न लागतं. पौरोहित्याला कपिंजल विदूषक बसतो. राजा चक्रवर्ती झाल्याचा जयजयकार होतो. नाटक संपतं.

बाहेर येताना तीन गोष्टी बरोबर घ्या

पहिली: भैरवानंदाचा पहिला चमत्कार खरा ठरला होता. नाटकाच्या जगात त्याने खरोखरच वत्सगुल्माहून मुलगी आणून दाखवली. दुसऱ्या वेळी त्याला काहीच सिद्ध करावं लागलं नाही. दामदुप्पट योजनेचा पहिला हप्ता नेहमी वेळेवर मिळतो आणि माणूस त्या हप्त्याच्या भरवशावर घर गहाण टाकतो.

दुसरी: खात्री करणं म्हणजे विचार करणं नव्हे. पुष्कळदा आपण खात्री करतो ती शंका मारून टाकण्यासाठी. पैशांचा पाऊस पाडणाऱ्याकडे गेलेली माणसंही चार ठिकाणी चौकशी करूनच गेलेली असतात. चौकशी कोणाकडे केली आणि काय विचारलं, तिथे सगळं अडलेलं असतं.

तिसरी: प्रेक्षक म्हणून तुम्हीही आज पुष्कळ काही खरं मानलंत. मोकळ्या जागेला देऊळ मानलं, एका फेरीला प्रवास मानलं. पण तुम्ही तो विश्वास उसना दिला होता. नाटक संपलं आणि तुम्ही तो परत घेतला. राणीने मात्र तो कायमचा देऊन टाकला. रंगभूमी आपल्याला विश्वास ठेवायला शिकवते, तसाच तो काढून घ्यायलाही शिकवते, आणि ही दुसरी शिकवण जास्त मोलाची आहे.

नाटकाबाहेरच्या, खऱ्या कनौजात चक्रवर्तीपदाचं पुढे काय झालं तेही ऐकून जा. 916च्या सुमारास, महेंद्रपालाच्या मागे महीपाल गादीवर असताना, दक्षिणेतून राष्ट्रकूटांचा तिसरा इंद्र कनौजवर चालून आला आणि त्याने ते शहर जिंकलं. ज्योतिषाच्या बळावर कोणी चक्रवर्ती झाला नाही. दरबारात ते ऐकून सुखावलेल्या सगळ्यांना ते लवकरच कळलं.

त्रिपुरी, त्यानंतर काही वर्षांनी

राजशेखर आता जबलपूरजवळच्या त्रिपुरीला, कलचुरी युवराजदेवाच्या दरबारी आहे. इथे त्याची ‘विद्धशालभंजिका’ रंगते. इथे फार थांबू नका, पण एक गाठ बघून घ्या. लाटच्या राजाने आपल्या मुलीला मुलगा म्हणून राजवाड्यात पाठवलं आहे. राणी त्याला मुलगाच समजते. नवऱ्याची खोड मोडावी म्हणून ती या ‘मुलाला’ नवरीचा शालू नेसवते आणि राजाचं त्याच्याशी खोटं लग्न लावते. ती हसते आणि मग कळतं की नवरी खरी होती, लग्नही खरं झालं. ‘कर्पूरमंजरी’तली राणी श्रद्धेने फसली, ही चलाखीने फसली. दुसऱ्याला फसवायला निघालेला माणूस आपण फसू असं धरूनच चालत नाही, म्हणून तो सर्वांत सोपं सावज असतो.

सन 1916

आता हजार वर्षं पुढे या. गंधर्व नाटक मंडळीचा प्रयोग आहे, ‘संगीत संशयकल्लोळ’. नाटककार गोविंद बल्लाळ देवल. रेवतीच्या भूमिकेत बालगंधर्व, फाल्गुनरावाच्या भूमिकेत गणपतराव बोडस. या गोष्टीचं मूळ मोलियरच्या 1660च्या फ्रेंच नाटकात आहे. ती इंग्रजीतून फिरत फिरत मराठीत आली आणि पुरती मराठी होऊन गेली.

फाल्गुनराव हे विभ्रमलेखेचं दुसरं टोक. ती विश्वास ठेवून फसली, हे संशय घेऊन फसतात. बायकोच्या हातात एका परक्या पुरुषाची तसबीर दिसते आणि यांच्या मनात सगळी कथा तयार होते. पुढे जे दिसेल ते त्या कथेचा पुरावा होतं. बायको कृत्तिकाही तशीच. तिनेही नवऱ्याविरुद्ध स्वतःची कथा रचलेली आहे. आपल्याला कोणी फसवू शकणार नाही, असा फाल्गुनरावांचा ठाम समज आहे. इथे तर त्यांना फसवायला कोणी भैरवानंदही लागत नाही. ते काम ते स्वतःच चोख करतात.

हे बघितल्यावर एक गैरसमज दूर होतो. भोळेपणावर उतारा म्हणून माणसं संशय जोपासतात. पण सगळ्यांवर विश्वास ठेवणारा आणि कोणावरच न ठेवणारा, दोघेही एकाच जागी चुकतात. स्वतःच्या मनात आलेली पहिली गोष्ट ते तपासत नाहीत.

कारंजा, सन 1931

परतीच्या वाटेवर वाशीम जिल्ह्यातच थांबायचं आहे. कारंजा लाड. नृसिंहसरस्वतींचं जन्मगाव आणि जैनांच्या जुन्या हस्तलिखितांचं मोठं भांडार. डॉ. हिरालाल जैन यांनी इथल्या पोथ्यांकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं आणि कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंशातले ग्रंथ छापून निघू लागले. त्यांतला पहिला, दहाव्या शतकातल्या पुष्पदंताचा ‘जसहरचरिउ’, प. ल. वैद्य यांनी संपादित केला आणि 1931 साली तो प्रसिद्ध झाला.

पानं उलटा. तुम्हाला ओळखीचा माणूस भेटेल. राजपूर नगरात एक साधू येतो, आपण युगानुयुगं जगत आलो अशा बढाया मारतो आणि मारिदत्त राजाला आकाशात उडण्याची विद्या द्यायचं कबूल करतो. अट अशी की देवीपुढे प्राण्यांच्या जोड्या बळी द्यायच्या, माणसांचीही जोडी द्यायची. साधूचं नाव भैरवानंद. राजशेखराने ज्याच्यावर राजवाड्याला हसवलं, त्याच नावाच्या माणसावर काही दशकांनी पुष्पदंताने रक्ताची कथा लिहिली. राजाला उडायचं आहे, तेवढं पुरतं.

बळीसाठी धरून आणलेली भावंडं राजाला आपल्या आधीच्या जन्मांची कथा सांगतात. त्यात यशोधर राजा आहे. वाईट स्वप्न पडलं म्हणून त्याची आई बळी द्यायला सांगते. त्याला हिंसा नको आहे, आईचं मनही मोडायचं नाही. मग तो पिठाचा कोंबडा करवतो आणि देवीपुढे कापतो. जीव तर गेला नाही, मग पाप कसलं? कथा सांगते की पाप लागलं, कारण मारायचा हेतू खराच होता. मायलेक कित्येक जन्म पशुपक्षी होऊन फिरले. स्वतःची फसवणूक म्हणजे काय, याचं इतकं नेमकं चित्र मला दुसरीकडे सापडलेलं नाही. करायचं तेच करायचं, फक्त ते पिठाचं आहे असं स्वतःला सांगायचं.

आजचं वाशीम

आता तुम्ही परत आलात. 1 जुलै 1998ला अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा, कापूस, तूर आणि सोयाबीनची काळी रानं. आणि भैरवानंदही इथे आहेत, जसे ते प्रत्येक जिल्ह्यात आहेत. कोणी गुप्तधन काढून देतो, कोणी पैशांचा पाऊस पाडतो, कोणी मोबाइलवर फोन करून बक्षीस लागल्याचं सांगतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर त्याच वर्षी झाला. भोंदूला हातकड्या घालायला हा कायदा लागतोच, आणि तो नीट वापरलाही गेला पाहिजे. पण भैरवानंद तुरुंगात गेला तरी विभ्रमलेखेची दीक्षा संपत नाही. तिच्या मनातलं चक्रवर्तीपद कोणत्याही कलमाखाली जप्त करता येत नाही. तिथवर पोचायचं काम नाटकाचं आहे, कारण नाटकात आपण दुसऱ्याला हसता हसता स्वतःलाच बघतो.

म्हणून वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, मानोरा, मालेगाव आणि रिसोडच्या शाळा-कॉलेजांना माझं एक मागणं आहे. ‘कर्पूरमंजरी’ तुमच्या गावचं नाटक आहे. 1901 साली ते अमेरिकेत हार्वर्डच्या ग्रंथमालेत स्टेन कोनो यांच्या संपादनासह आणि इंग्रजी भाषांतरासह छापलं गेलं, पण वाशीमच्या पोरांच्या तोंडी ते अजून यायचं आहे. तुमच्या वऱ्हाडीत ते करा. चैत्रगौर आणि वटपौर्णिमा तुमच्या घरचीच आहे, त्यासाठी शोध घ्यायला नको. उचलून आणलेल्या कर्पूरमंजरीला चार वाक्यं स्वतःची द्या, ती आपण तिला अकराशे वर्षांपासून देणं लागतो. भैरवानंद कोणीही रंगवील, त्यात टाळ्या आहेत. राणीचं काम मात्र वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीला द्या. राणी मठ्ठ दिसली तर नाटक फसलं म्हणून समजा.